आदल्या दिवशी काढलेली दाढ

बायकोच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यातच माझी दाढ उठली. खालची, उजवीकडची. हलत तर ती कधीपासून होती, पण त्या आठवड्यात गाल सुजला, कानापर्यंत ठणका जाऊ लागला आणि तोंड दोन बोटं सुद्धा उघडेना. मला तोंड उघडायलाच हवं होतं. श्राद्धाला मी बसणार होतो आणि बसणाऱ्याला भटजीच्या मागून म्हणावं लागतं. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं आमचा भटजी चालवून घेत नाही.

कोणी म्हणेल, एवढा हट्ट कशाला? कोणीतरी बसलं म्हणजे झालं. म्हणणाऱ्याने अग्नी द्यायच्या वेळी माझ्या जागी असायला हवं होतं.

ती गेली तेव्हा माझ्या छातीत, हृदयाच्या नळीत, जाळी बसवून थोडेच महिने झाले होते. आता माझीच पाळी असं सगळ्या वाड्याने धरलं होतं. मीही धरलं होतं. रोज जेवण झालं की ती माझ्या गोळ्या हातावर घेऊन यायची, एक पांढरी, एक गुलाबी, एक अर्धी मोडलेली, आणि मी त्या गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. कुठली गोळी कशाची, हे मी कधी विचारलं नाही. तिला ठाऊक होतं, तेवढं बस होतं; ती गेल्यावरही मी नुसता रंग बघूनच गिळत आलो. मग एका सकाळी ती न्हाणीत पडली ती उठलीच नाही. तिला उचलायच्या वेळी मी अंगणात कोसळलो. जाणत्यांनी ठरवलं, ह्याला मसणात नेऊ नका, एकावर दुसरं नको. आम्हाला मुलगा नाही. एकच मुलगी, डिचोलीला दिलेली. तेव्हा मडकं गेलं पुतण्याच्या खांद्यावर. अग्नी त्याने दिला. पुढचे दिवसही त्यानेच केले, मी खाटेवर पडून आढ्याकडे बघत होतो.

पुतण्या म्हणजे माझ्या मेलेल्या भावाचा मुलगा. अंगण एकच, घर मधून भिंत घालून दोन केलेलं. त्याची आई आजारी असायची तेव्हा माझ्याच बायकोने त्याला पेज भरवून मोठा केला. आणि शेवटी शेवटी हा तिला काकी म्हणून हाकसुद्धा मारत नव्हता. कारण डोंगरावरची काजूची बाग. विमानतळ झाल्यापासून आमच्या पेडण्यात दगडसुद्धा विकले जातात. दिल्लीचा कोणी गिऱ्हाईक आला होता. पुतण्याने सही केली, मीही वैतागून केली असती. पण गोव्यात नवऱ्याच्या सहीबरोबर बायकोची सही लागते, आणि ही म्हणाली, मी करणार नाही, त्या बागेतलं शेण मी उचललंय. झालं. त्या दिवसापासून अंगणात समोरून गेली तरी हा मान वळवायचा. अशा माणसाने तिला अग्नी दिला. मी वर्षभर तेच चघळत होतो, दाढ नसती तरी तोंड कडूच होतं.

म्हणून वर्षाच्या श्राद्धाला मीच बसणार, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. भटजी तयारी सांगायला आला आणि माझा गाल बघून दारातच थांबला.

“आता दाढ काढूक जाव नको हां,” तो म्हणाला. “रगात वाहता त्या माणसाक श्राद्धाक बसूक जमना नाय. मग पुतण्याक बसवचा पडात.”

भटजी माझ्यापेक्षा लहान, पण मला अरेतुरे करतो. देवाच्या माणसाला वय नसतं बहुतेक.

“आणि तोंडच उघडला नाय तर?” मी विचारलं.

“तर पण पुतण्याकच बसव.”

म्हणजे दोन्हीकडून तोच. मी दोन दिवस लवंग चावली, गालाला हळद फासली. ठणका वाढतच गेला. शेवटी आदल्या दिवशी सकाळी मी हिशेब केला. आत्ता काढली तर संध्याकाळपर्यंत रक्त थांबेल, सकाळी मोकळ्या तोंडाने बसू. आमच्या बापाने माझी दाढ दोऱ्याने ओढून काढली होती आणि मी त्याच दुपारी आंब्यावर चढलो होतो. तेव्हा मी पोर होतो आणि छातीत जाळी नव्हती, ही गोष्ट त्या हिशेबात धरली नाही.

पेडण्याच्या बाजारात औषधाच्या दुकानावर माडीवर दाताची डॉक्टर बसते. माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिने आधी तोंड बघितलंच नाही, विचारायलाच बसली.

“काका, गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

“प्रेशरची.”

“एवढीच? हृदयाचं काही? रक्त पातळ करायची गोळी?”

मला जाळीचं सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मोठ्या डॉक्टरला विचारून या, कागद आणा, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात दाढ काढून मी काय तिची पूजा करणार होतो? मी म्हटलं, “एक पांढरी आहे, एक गुलाबी. बायको द्यायची. तिलाच ठाऊक.”

“मग त्यांना फोन लावा.”

“लागत नाही तिथे,” मी म्हटलं.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बघून तिने हातमोजे चढवले. पोरगी बिचारी, पुढे काही विचारायला लाजली. मी तिच्या लाजेचा फायदा घेतला, दुसरं काय.

दाढ निघाली पटकन. तिने खड्ड्यावर कापसाची घडी ठेवली, म्हणाली दाबून धरा, आणि मग जे सांगितलं ते मी ऐकलं पण घेतलं नाही. थुंकायचं नाही. उद्या दुपारपर्यंत चूळ भरायची नाही. गरम काही नको, तंबाखू नको, दारू नको. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच जखमेचं झाकण. थुंकलात, चूळ भरलीत की झाकण उडालं. झोपताना डोकं उंच. बर्फ बाहेरून गालाला.

मी मान हलवली आणि पायलटच्या, म्हणजे भाड्याने नेणाऱ्याच्या, मोटारसायकलवर मागे बसून घरी निघालो. वाटेतच थुंकायला सुरुवात केली. तोंडात रक्त साठतं, ते काय धरून ठेवायचं? आमच्यात तोंड म्हणजे सकाळी उठल्यापासून धुण्याची वस्तू. जेवलं की चूळ, चहा प्यालं की चूळ, देवाकडे जायचं तर चूळ. माणूस बाहेरून आला की आधी चूळ भरतो, मग बोलतो. आणि ही म्हणे उद्या दुपारपर्यंत नको. पायलट म्हणाला, “काका, माझ्या पँटीवर नको हां.” मी दुसऱ्या बाजूने थुंकलो.

घरी येऊन कापूस टाकला, न्हाणीत बसून पाच-सहा चुळा भरल्या. पाणी लाल, मग गुलाबी, मग परत लाल. भूक लागली म्हणून पेज तापवली आणि कढत कढत प्यालो. आजारी माणसाला थंड द्यायचं हे आमच्याकडे कोणाच्या स्वप्नात येणार नाही. पेज पोटात गेली आणि तोंड परत भरलं. मी बालदी जवळ घेऊन ओसरीवर बसलो.

दुपारी पुतण्या अंगणातून आला. वर्षात पहिल्यांदा माझ्या पायरीवर चढला. हातात बाटली.

“काका, कापसान काय जावचा नाय. काजूची घे वायच. तोंडात धर. रगात थयच गोठता.”

“उद्या श्राद्ध आसा.”

“गिळू नको मगे. धर आणि टाक. भटजीक काय वास येवचो नाय.”

आमच्याकडे दाढेला फेणी हा वेद आहे. मीही आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवायचो तेव्हा दाढ दुखणाऱ्या ड्रायव्हरला दुसरं औषध आम्ही दाखवलंच नाही. मी घोट घेतला, धरला. आग झाली. थुंकलो तेव्हा फेणीबरोबर काळी गुठळी पण बालदीत पडली, डॉक्टर सांगत होती ते झाकण हेच असावं. आणि त्यामागून रक्त असं आलं की हनुवटीवरून बनियनवर उतरलं.

पुतण्या बघत उभा. “अरे,” एवढंच म्हणाला.

त्याने मुद्दाम दिली काय? त्या दुपारी मला खात्री होती. उद्या परत हाच बसायचा म्हणून मला रक्तात बसवला. आज विचाराल तर सांगता येणार नाही. त्याच्या बापाने पण मला हेच दिलं असतं, आणि त्याचा बाप माझ्यावर जीव टाकायचा. पण माझं मन त्याच्याबाबतीत चांगलं होऊ मागत नाही, ते मी जबरदस्तीने कशाला करू.

मुलगी डिचोलीहून बसने तिन्हीसांजेला पोचली. श्राद्धाची केळीची पानं काखेत होती. बालदी बघून तिने पानं खाली ठेवली.

“बाबा, ह्या काय केलात तुम्ही?”

मी टॉवेल तोंडावर धरून हात हलवला, काही नाही म्हणून.

“डॉक्टरला जाळीचं सांगितलात?”

मी आढ्याकडे बघितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला, अगदी आईसारखा, उजवा नाही डावा. मग गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरला फोन लावला आणि एकेक नाव वाचून दाखवलं. गुलाबीचं नाव येताच पलीकडून ती पोरगी एवढी ओरडली की मला ओसरीवर ऐकू आलं. लगेच घेऊन या म्हणाली, दवाखाना उघडा ठेवते.

त्या वेळी बस नाही. गाडी अंगणात एकच, पुतण्याची. मुलगी विचारायला गेली. तो चावी घेऊन आला, “चला काका” म्हणाला, आणि मागच्या सीटवर आधी प्लास्टिक अंथरलं. नवी गाडी आहे, डाग जात नाहीत. मी प्लास्टिकवर बसलो. पूर्ण वाट ते माझ्याखाली करकरत होतं.

डॉक्टरने खड्डा साफ केला, आत औषधाचं काहीतरी भरलं, वरून दोन टाके घातले आणि कापूस देऊन स्वतःच्या बोटाने दाबून बसली. सारखी घड्याळ बघत होती. माझ्यापेक्षा तिला जास्त भीती वाटली असावी. कापूस बदलताना मी संधी साधून विचारलं, “आजची ती पातळ करायची गोळी सोडली तर सकाळपर्यंत नक्की थांबेल ना?”

“काका, ती सोडली तर जाळी बंद पडू शकते. दाढेचं रक्त दाबून थांबतं, तिथलं दाबायला मी पोचू शकत नाही.”

“एकच दिवस.”

“एकही दिवस नाही. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.” आणि मुलीकडे वळून म्हणाली, “रात्री परत आलं तर चहाची पुडी थंड पाण्यात भिजवा, पिळा आणि चावायला द्या. तरीही वाहत राहिलं तर मोठ्या इस्पितळात न्या, माझी वाट बघू नका.”

दिवसभर चहा पिऊ नको म्हणणारे शेवटी चहाची पुडी चावायला देतात. तीही मी चावली. गालाला फडक्यातून बर्फ, पाठीला उशा, बसल्या बसल्या. जेवण म्हणजे थंडगार दहीभाताचे चार घास, डाव्या बाजूने.

मग मुलगी गोळ्या घेऊन आली. हातावर, आईसारख्याच. पांढरी, गुलाबी, अर्धी.

मी गुलाबी बाजूला सारली. ती म्हणाली, “बाबा, तीच ती.”

“म्हणूनच.”

“उद्या बसूक मिळाला नाय तर मिळाला नाय. मी भटजीक सांगतंय.”

“तू काय सांगतलंस? त्येचा नाव तुझ्या आवशीच्या श्राद्धाक दुसऱ्यांदा लागतला.”

तिने गुलाबी परत माझ्यापुढे केली. उभी राहिली. मी गिळेपर्यंत हलायची नाही, हेसुद्धा तिने आईकडूनच घेतलं होतं. एका बाजूला तिच्या आईचं श्राद्ध आणि एका बाजूला तिच्या आईचीच गोळी. मला त्या दोघींचाही राग आला. गोळी गिळली. गिळताना म्हटलं, आता सकाळी रक्त आलं तर त्याला मी जबाबदार नाही, तुम्ही दोघी.

झोप कसली येते. बसल्या बसल्या मला बायकोची दाढ काढली तो दिवस आठवत होता. मुलीच्या लग्नानंतर काढली होती, म्हापशाला. तोंडात कापूस घेऊन बसमधून आली आणि थेट चुलीपुढे बसली. मी विचारलं दुखतं काय, तर तिने पळीने भाताचं मडकं दाखवलं, म्हणजे जेव. पूर्ण दिवस एक शब्द नाही, एक थुंकी नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, रक्ताचं काय केलंस? म्हणाली, “गिळला. माझाच ना?”

सकाळी मुलीने बॅटरी मारून बघितलं. “सुकलाय,” ती म्हणाली. खड्ड्यात काळी गाठ बसली होती, कोकमाच्या सालीसारखी. मी बोट लावणार तर तिने हातावर चापट मारली.

भटजी आला. पुतण्या धुतलेलं धोतर नेसून ओसरीच्या कडेला आधीच उभा होता, बोलावलं तर हजर म्हणून. भटजीने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“रगात?”

“नाय,” मी म्हटलं.

“थुंक बघूया.”

“थुंकायचं नाही त्यांनी,” मुलगी म्हणाली. भटजीशी ती शुद्ध बोलते.

“बरा. चूळ भर आणि ये, बसूया.”

मी मुलीकडे बघितलं. दुपार व्हायला वेळ होता. चूळ भरली तर कोकमाची साल उडणार. नाही भरली तर भटजी सुरू करणार नाही, उष्ट्या तोंडाने कसलं श्राद्ध. पुतण्या धोतर सावरत एक पाऊल पुढे आला. मदतीला आला असेलही.

मी तांब्या घेतला. पाणी तोंडात घेतलं आणि काही न करता वाकून बसलो. हलवलं नाही, खळखळवलं नाही, थुंकलं नाही. ओठ सैल सोडले. पाणी आपलं आपण गळून पडलं, लाळ गाळणाऱ्या पोराचं पडतं तसं. तीनदा. पुतण्या फिसकन हसला. भटजी पण ओठ दाबून होता. पडलेलं पाणी मात्र पांढरं होतं, ते सगळ्यांनी बघितलं.

“जाली चूळ,” मी म्हटलं. “पाणी तोंडात गेला आणि भायर इला. शास्त्रात खळखळ लिवलेली असात तर दाखय.”

भटजीने आसन दाखवलं.

बसलो. दर्भ, तीळ, पाणी. तो म्हणेल ते म्हणत गेलो, तोंड अर्धं उघडून. मग तो थांबला आणि म्हणाला, “आता तिचा नाव घे. मोठ्यान.”

आमच्यात बायकोचं नाव कोण घेतं? मी तिला आयुष्यभर “अगो” म्हटलं, ती मला “आयकलात?” म्हणायची, आणि घरात दुसरं मोठं माणूस नसल्यामुळे चुकामूक झाली नाही. लग्नात घास भरवताना बायकांनी घ्यायला लावलं तेव्हा एकदा घेतलं होतं, तेही लाजून, कोणाला ऐकू न जाईल असं. मसणात तिचं नाव पुतण्याने घेतलं. त्याने, ज्याने काकीसुद्धा म्हणायचं सोडलं होतं. आता मी घेतलं. तोंड पूर्ण उघडून घेतलं, भिंतीपलीकडे जाईल असं. इथे लिहीत नाही.

त्याच क्षणी टाक्याजवळ काहीतरी सुटल्यासारखं झालं. तोंडात खारट-गोड चव आली, आणि ती काय होती ते मला सांगायला डॉक्टर नको होती. भटजी पुढचं म्हणत होता. पुतण्या माझ्या तोंडाकडेच बघत होता. मुलगी पण. मी ओठ मिटले आणि गिळलं. परत आलं, परत गिळलं. पिंड ठेवताना गिळलं, पाणी सोडताना गिळलं. शास्त्राने चुकलं असेल तर चुकलं असेल. माझंच होतं.

सगळं झाल्यावर मुलीने कोणी बघणार नाही असा हातात कापूस सरकवला. मी आत जाऊन दाढेखाली धरला. तो लालभडक झाला, मग दुसरा जरा कमी, मग थांबलं.

जेवणाला पानं मांडली. तिच्या आवडीचं सगळं होतं, भाज्यांचं खतखतं, वडे, खीर. सगळं गरम. माझ्या पानावर थंड दहीभात. पुतण्या वडे न मोजता खात होता. हात धुवून माझ्याजवळ आला, खाली वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, “काका, फुडच्या वर्षाक मी बसतंय. तुका ह्या वयात त्रास नको.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. सगळं जिभेवर होतं. पण जेवून झाल्यावर दाढेखाली परत कापूस ठेवला होता, आणि एकदा दाबून धरला की सोडायचा नसतो.

मी पळी उचलून त्याला खिरीचं पातेलं दाखवलं.